घरांत म्हातारे किती, मुलें किती?

भूम तालुक्यांतील एखाद्या माळावरच्या वस्तीवर सकाळीं जाऊन पाहावें. दारीं म्हैस असते. तिची धार काढणारा आजा सत्तरीचा. दूध खव्याच्या भट्टीवर नेणारी आजी त्याच्या खालोखाल वयाची. एक मुलगा पुण्यास, दुसरा बायकोसह ऊसतोडीस गेलेला. नातवंडें दोन, फार तर तीन. त्या आजाच्या लहानपणीं ह्याच घरांत सात-आठ पोरें ताटावर बसत. हा फरक कशानें पडला आणि त्याचा परिणाम काय, ह्याचा विचार आज करूं.

प्रथम आंकडे पाहूं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें स. १९९२-९३ मध्यें महाराष्ट्रांत एका स्त्रीस सरासरी २.९ मुलें होत, स. २०१९-२१ च्या पाहणींत हा आंकडा १.७ वर आला. आईबापांची जागा भरून निघण्यास २.१ लागतात. म्हणजे आपण त्या रेषेच्या खालीं उतरलों आहों. जपान देशांत हें फार पूर्वीं घडलें. तेथें आज दर दहा माणसांत जवळजवळ तिघे ६५ वर्षांवरचे आहेत. दक्षिण कोरियांत स. २०२३ मध्यें हा आंकडा ०.७२ इतका खालीं गेला.

कोणी म्हणेल, मग गांवें ओस कां दिसत नाहींत? स. २००१ मध्यें आपल्या जिल्ह्याची वस्ती सुमारें १४.९ लाख होती, ती स. २०११ मध्यें १६.६ लाख झाली. ह्याचें कारण असें कीं, मागल्या पिढींत जन्मलेलीं पुष्कळ मुलें आज स्वतः आईबाप होत आहेत. प्रत्येक घरीं लेंकरें थोडीं, पण घरें अधिक. ही लाट ओसरली म्हणजे उतार दिसूं लागतो. रत्नागिरी व सिंधुदुर्ग ह्या जिल्ह्यांची वस्ती त्याच दहा वर्षांत घटली. तेथें मुंबईस जाणाऱ्यांनींही भर घातली, हें खरें.

लेंकरें कमी झालीं हें वाईटच, असें आम्हांस वाटत नाहीं. पूर्वीं आठ जन्मत तेव्हां त्यांतील दोन-तीन देवीनें वा जुलाबानें जात, आणि आईचें शरीर चाळिशींतच मोडे. आज जन्मलेलें मूल बहुधा जगतें व शाळेंत जातें. लेंकरें कमी झालीं म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांनीं हें आठवावें.

परंतु एक गोष्ट खरोखर काळजीची आहे. लहान कुटुंबांत मुलगा तर हवाच, असा हट्ट धरल्यानें मुली जन्मापूर्वींच नाहींशा केल्या गेल्या. स. २०११ च्या जनगणनेंत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागें महाराष्ट्रांत ८९४, आणि आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यांत अवघ्या ८०७ मुली आढळल्या. आतां हिशेब करा. शंभर स्त्रियांस १७० मुलें झालीं, तर राज्याच्या प्रमाणानें त्यांत मुली ८०. बीडच्या प्रमाणानें ७६. शंभर आयांच्या जागीं पुढें इतक्याच. म्हातारपणची काठी म्हणून मुलगा मागणाऱ्यानें ती काठी धरणारी सूनच गांवांतून घालविली.

आतां आज जे म्हातारे आहेत त्यांचें काय? स. २०११ मध्यें राज्यांत दर शंभरांत सुमारें दहा जण साठीचे वा त्यापुढचे होते. त्यांच्यासाठीं स. २००७ चा कायदा आहे; मुलें पोसत नसतील तर आईबापांस प्रांताच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणापुढें पोटगी मागतां येते. पण मुलावर अर्ज करणारी आई आमच्या पाहण्यांत विरळा. त्याहून उपयोगाची श्रावणबाळ योजना. ६५ वर्षांवरील गरिबांस मिळणारी तिची रक्कम स. २०२३ मध्यें दरमहा १,००० वरून १,५०० रुपये झाली. पंचाहत्तरी पुरी झालेल्यांस एस.टी.चा प्रवास स. २०२२ पासून मोफत आहे.

हें मिळविण्यास वयाचा व उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि तेथेंच म्हातारीं माणसें अडतात. गांवच्या शिक्षकानें वा उपदेशकानें एक सकाळ काढून अर्ज लिहून द्यावा व तहसिलींत सोबत जावें. बँकेंतही सोबत लागते. कारण जन्मभर खुरपें धरलेल्या हाताच्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात, आणि यंत्र त्या ओळखीत नाहीं.