आखाजीची पंगत आणि पाहुण्याचे सात्म्य : एक आहारशास्त्रीय विचार

आहार, निद्रा व ब्रह्मचर्य या तीन उपस्तंभांमध्ये आहारास प्रथम स्थान आहे, हे वैद्यवर्गास विदितच आहे. चिकित्सालयात आपण रुग्णास पथ्य सांगतो, औषधालयात त्यानुसार औषध दिले जाते, आणि दोन-तीन महिने सर्व सुरळीत चालते. पुढे सण येतो. रुग्ण पाहुणा म्हणून एखाद्या घरी जातो, यजमान आग्रहाने वाढतात, आणि महिन्यांची शिस्त एका पंगतीत मोडते. दोष रुग्णाच्या मनोनिग्रहाचा आहे असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु पाहुण्याच्या ताटात काय पडते हे पाहुणा ठरवीत नाही. ते यजमानाच्या घरी, पंगतीच्या दोन दिवस आधी ठरते. म्हणून सणाच्या जेवणाची आखणी हा पाककलेइतकाच वैद्याच्या सल्ल्याचाही विषय आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पथ्यात प्रियतेचा समावेश

व्यवहारात 'आवड' आणि 'पथ्य' हे शब्द परस्परविरोधी मानले जातात. शास्त्राची भूमिका निराळी आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २५ व्या अध्यायात पथ्याचे लक्षण सांगताना दोन गोष्टी एकत्र मांडल्या आहेत : जे शरीराच्या मार्गांस अपायकारक नाही आणि जे मनास प्रिय आहे, ते पथ्य. २६ व्या अध्यायातील १८ प्रकारच्या विरुद्धांमध्ये 'हृद्विरुद्ध' हा स्वतंत्र प्रकार सांगितला आहे. मनास न रुचणारे अन्न हे त्याचे स्वरूप. विमानस्थानाच्या २ ऱ्या अध्यायात तर चिंता, शोक, भय, क्रोध यांनी ग्रासलेल्या मनुष्यास योग्य मात्रेतील हितकर अन्नही पचत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. नको असलेला पदार्थ भिडेखातर गिळणारा पाहुणा नेमक्या याच अवस्थेत जेवत असतो. त्याची आवडनिवड विचारणे हा शिष्टाचार तर आहेच, शिवाय तो आहारविधीचाही भाग आहे.

तथापि आवड म्हणजे एकच गोष्ट नव्हे. पाहुण्याने 'मला हे चालत नाही' असे म्हटल्यास त्यामागे चारपैकी एक कारण असते : (१) रुची, म्हणजे जिभेची आवड, (२) ओकसात्म्य, म्हणजे दीर्घ सवयीने अंगवळणी पडलेला आहार, (३) व्रत अथवा धर्मनियम, (४) व्याधी व चालू असलेले औषध. पहिल्यात तडजोड होऊ शकते, दुसऱ्यात थोडी होते, तिसऱ्यात व चौथ्यात मुळीच होत नाही. यजमान या चारही कारणांना 'संकोच' समजतात आणि आग्रह करतात. अनर्थ येथूनच सुरू होतो.

आखाजीचे जेवण व ऋतू

खानदेशात अक्षय्य तृतीया 'आखाजी' या नावाने ओळखली जाते. या सणास सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई बसते, झोके बांधले जातात. दुपारी पितरांच्या नावे घागर भरून नैवेद्य होतो. बाहेरगावचे जावई, व्याही व स्नेही पुष्कळदा सायंकाळच्या पंगतीस असतात. ताटात खापराची पुरणपोळी, आमरस, कटाची आमटी, कुरडई, भजी व भात हे पदार्थ ठरलेले.

हा सण एप्रिलच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंतच्या काळात येतो. नंदुरबार जिल्ह्यात तेव्हा पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर असतो. ग्रीष्मात मधुर, शीत, द्रव व स्निग्ध अन्नपान घ्यावे आणि कटु, अम्ल, लवण व उष्ण टाळावे, असा ऋतुचर्येचा उपदेश आहे. त्या दृष्टीने पिकलेल्या गोड आंब्याचा रस ऋतूस अनुकूल आहे. हरभऱ्याच्या डाळीचे पुरण मात्र गुरू आहे, आणि नंदुरबारच्या मिरचीचा झणझणीत कट हा ऋतूस सरळ प्रतिकूल आहे. नंदुरबार ही मिरचीची मोठी बाजारपेठ असल्याने येथील घरांत तिखटाचे माप स्वभावतःच सैल असते. सुरतेकडून आलेल्या, डाळीत गूळ घालून खाण्याची सवय असलेल्या पाहुण्यास तेच माप जाचक ठरते.

तीन पाहुणे, एक चूल

विवेचनासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. शहादा येथील एका घरी आखाजीच्या सायंकाळी तीन पाहुणे अपेक्षित आहेत. पहिले सुरतेहून रेल्वेने येणारे जावई, ज्यांना मधुमेह असून जेवणापूर्वीची गोळी चालू आहे. दुसरे जैन धर्मीय व्यापारी स्नेही. तिसरे धडगाव परिसरातील शिक्षक, ज्यांचा नित्याचा आहार ज्वारी-मक्याची भाकरी, उडदाची डाळ व अंबाडीची भाजी हा आहे.

*मधुमेही जावई.* यांच्या बाबतीत 'गोड पूर्ण बंद' असे सांगितल्यास ते पाळले जात नाही, आणि 'सणाचे चालते' असे म्हटल्यास त्याला मर्यादा राहत नाही. येथे चरकोक्त अष्ट आहारविधिविशेषायतनांपैकी 'राशी' उपयोगी पडते. राशीचे दोन भेद आहेत : संपूर्ण भोजनाचे माप म्हणजे सर्वग्रह आणि एकेका पदार्थाचे माप म्हणजे परिग्रह. जावयांसाठी परिग्रह आधी ठरवावा. १०० ग्रॅम आमरसात साधारण १५ ग्रॅम कर्बोदके असतात. त्यात चमचाभर साखर घातली की ५ ग्रॅम वाढतात. म्हणून रसात साखर मुळीच घालू नये. लहान वाटीभर रस, अर्धी पुरणपोळी, आणि पोट भरण्यासाठी कळण्याची भाकरी, डाळ व भाजी अशी मांडणी करावी. कुरडई, भजी व भात यांपैकी एकच पदार्थ वाढावा. दुसरी महत्त्वाची बाब वेळेची. इन्सुलिन वा रक्तशर्करा उतरवणारी गोळी घेतल्यानंतर पंगत तासभर लांबली, तर घाम, कंप, भ्रम व मूर्च्छा यांपर्यंत अवस्था जाऊ शकते. गोडापेक्षा हा धोका अधिक तातडीचा आहे. ताट समोर येण्याची वेळ निश्चित झाल्याखेरीज औषध घेऊ नये, यासाठी यजमानांनीच वेळ आधी कळवावी.

*जैन स्नेही.* यांच्याकडे कांदा, लसूण, बटाटा व इतर कंद वर्ज्य असतात. ओले आले चालत नाही. सुंठ बहुधा चालते. आमरसात तूप व सुंठ घालण्याची आपली पद्धत यांना सोयीची आहे. अडचण येते ती काळ्या मसाल्याची, कारण त्यात भाजलेला कांदा असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. रात्रिभोजन वर्ज्य असल्यास यांचे ताट सूर्यास्तापूर्वी मांडावे लागते. शिवाय अक्षय्य तृतीया हा वर्षीतपाच्या पारण्याचा दिवस आहे. वर्षभर एकाआड एक उपवास केलेले तपस्वी या दिवशी उसाच्या रसाने पारणे करतात. पाहुणा वा त्याच्या घरातील कोणी तपस्वी असेल, तर पुरणपोळीचा आग्रह सर्वथा टाळावा. संशोधनानंतरच्या संसर्जनक्रमाप्रमाणे पेया, विलेपी, मुगाचे यूष अशा क्रमाने अग्नी वाढवणे हेच हितकर.

*धडगावचे शिक्षक.* यजमान यांना सर्वांत अधिक आग्रह करतात, कारण 'साधे जेवणारे आहेत, आज चांगले खाऊ द्या' अशी त्यामागे भावना असते. परंतु रुक्ष व लघू आहार सात्म्य असलेल्या मनुष्यास एका वेळी तूप, पुरण व आटीव दूध दिल्यास आध्मान व अतिसार होतो. दूध पचवण्याची शक्ती सर्वांमध्ये सारखी नसते. यांच्या ताटात भाकरी व उडदाची डाळ मानाने असावी, सणाचे पदार्थ चवीपुरते असावेत. भाकरी ही कमी प्रतीची आणि पोळी ही वरच्या प्रतीची, ही समजूत यजमानाची असते. ती शास्त्राने सांगितलेली नाही. भरड धान्यांचे महत्त्व पटवण्यासाठी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. सातपुड्यातील घरांनी ती धान्ये त्यापूर्वीही सोडली नव्हती.

तीन पाहुण्यांसाठी तीन स्वयंपाक करण्याची आवश्यकता नाही. 'करण', म्हणजे संस्कार, हे दुसरे आयतन येथे उपयोगी पडते. एकाच पातेल्यात नवापूरच्या तुरीची डाळ हळद-मीठ घालून शिजवावी. फोडणीपूर्वी तिचे भाग करावेत : एक जिरे-हिंगाच्या तुपातील फोडणीचा, दुसरा काळ्या मसाल्याचा, तिसरा नुसत्या लसूण-मिरचीचा. कट व भाजी यांनाही हाच नियम लावावा. तिखट व साखर शेवटी घालावी, कारण घालता येते पण काढता येत नाही.

संयोगासंबंधी दोन सूचना

आंबा व दूध यांचा संयोग विवाद्य आहे. चरकसंहितेत दुधाशी विरुद्ध असणाऱ्या फळांत आम्र सांगितले आहे. भावप्रकाशात मात्र दुग्धाम्राचे गुण वर्णिले आहेत. अम्ल आंबा व पक्व मधुर आंबा हा भेद लक्षात घेतल्यास दोन्ही वचनांची संगती लागते. पंगतीसाठी आंबट रसात दूध घालून तो गोड करण्याचा प्रकार टाळावा; तूप व सुंठ पुरेशी आहे. दुसरी सूचना दह्याची. रात्री दही निषिद्ध असल्याने सायंकाळच्या पंगतीत दह्याच्या कोशिंबिरीऐवजी जिरे घातलेले पातळ ताक द्यावे.

यजमानाने विचारावयाचे पाच प्रश्न

वैद्यांनी आपल्या रुग्णकुटुंबांस पुढील प्रश्न लिहून द्यावेत. ते सणाच्या दोन दिवस आधी, दूरध्वनीवर, एकांतात विचारावेत; चारचौघांत विचारल्यास पाहुणा खरे सांगत नाही.

१. आपणास विशेष काय आवडते आणि कोणता पदार्थ मुळीच नको?
२. घरी रोज सायंकाळी काय व किती वाजता जेवता?
३. कोणते व्रत, नियम वा वर्ज्य पदार्थ आहेत काय?
४. कोणते औषध चालू आहे, आणि ते जेवणापूर्वी की नंतर घ्यावयाचे आहे?
५. एखादा पदार्थ खाऊन पूर्वी अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे वा दम लागणे असे झाले आहे काय?

पाचवा प्रश्न कधीही गाळू नये. शेंगदाण्याचा कूट, तीळ व खोबरे आपल्या वाटणांत सर्रास असतात. शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या व्यक्तीस अल्प कूटही प्राणघातक ठरू शकतो. श्वास अडखळल्यास घरगुती उपचारात वेळ न दवडता तत्काळ रुग्णालय गाठावे. सिकलसेलचा विकार असलेल्या पाहुण्याबाबतही दक्षता हवी. हा विकार आपल्या जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ पासून सुरू आहे. अशा व्यक्तीस उन्हात प्रवास व शरीरातील पाणी कमी होणे यांमुळे वेदनेचा वेग येऊ शकतो. म्हणून आल्याबरोबर पाणी, सावली व विश्रांती द्यावी. मद्य तर सर्वथा वर्ज्य.

औषधालयचालकांस विनंती

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी अजीर्णाच्या चूर्णांची मागणी वाढते. ती पुरवताना एक प्रश्न अवश्य विचारावा : औषध कोणासाठी आहे? लवणभास्कर चूर्ण लवणप्रधान असल्याने उच्च रक्तदाब वा वृक्कविकार असलेल्यास विचारपूर्वकच द्यावे. अविपत्तिकर चूर्णात साखर हा मात्रेने सर्वांत मोठा घटक असून निशोत्तरही असते. मधुमेही व गर्भिणी यांस ते परस्पर देऊ नये. आसव-अरिष्टांत गूळ वा साखर व स्वयंजनित मद्यांश असतो, याची कल्पना ग्राहकास द्यावी. हिंग्वष्टक चूर्ण पहिल्या घासाबरोबर तुपात घ्यावयाचे असते. जेवणानंतर ते चिमूटभर चघळून अपेक्षित लाभ होत नाही. बांधानी हिंगात गव्हाचे पीठ असू शकते, ही बाब गहू वर्ज्य असलेल्या ग्राहकासाठी महत्त्वाची आहे.

उपसंहार

सततच्या सेवनाने वा चव नसल्याने पथ्य नकोसे झाले, तर निरनिराळ्या कल्पनांनी ते पुन्हा प्रिय करावे, असा उपदेश चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या अखेरच्या अध्यायात केला आहे. सणाची पंगत ही त्यासाठी उत्तम संधी आहे. पाहुण्याची अयोग्य सवय एका रात्रीत मोडण्याचा प्रयत्न यजमानाने करू नये, ते काम वैद्याचे व क्रमाक्रमाने होणारे. त्याचे नियम मोडण्याचा आग्रहही करू नये. आग्रह करावयाचाच असेल तर तो पाहुण्याने आधी सांगितलेल्या पदार्थांचा करावा, आणि उदराचा एक भाग मोकळा राहील इतकाच करावा. आपल्या प्रत्येक सदस्याने येत्या आखाजीपूर्वी दहा कुटुंबांस वरील पाच प्रश्न लिहून दिले, तरी सणानंतरच्या आठवड्यात चिकित्सालयातील गर्दी काही अंशी कमी होईल, आणि महिन्यांचे पथ्य एका पंगतीत वाया जाणार नाही.