‘टेस्टेड’ सेल घेणाऱ्यांसाठी

“ताई, घरात कोणी जेंट्स असतील तर त्यांच्याकडे फोन द्या. त्यांना समजेल.” जुने लिथियम सेल विकणाऱ्या माणसाचं हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. माझ्यासमोर टेस्टर होता, वही होती, वहीत प्रत्येक सेलचा नंबर आणि त्यापुढे आकडा होता. त्याच्याकडे उत्तर म्हणून एवढंच होतं.

आमच्या जुन्नर तालुक्यात संध्याकाळी वीज कधी जाईल याचा नेम नाही. ट्युब्युलर बॅटरी बसली होती, छतावर पॅनेल होतीच. हिशेब सरळ होता. लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्यांतले १८६५० सेल घ्यायचे, सातची सीरिज, प्रत्येक गटात वीस पॅरलल, म्हणजे १४० सेल. सेलमागे २००० एमएएच धरली तरी साधारण एक युनिट वीज साठते. पंखे, दिवे, राउटर आणि सासूबाईंचा नेब्युलायझर, एवढ्यावर संध्याकाळ निघते. हे काम करता येतं, मी आजही तेच म्हणेन. घात झाला तो खरेदीत.

आधी थोडे सेल नमुन्याला मागवले. तपासले, सगळे २१०० च्या वर भरले. मग मोठी ऑर्डर दिली. “त्याच लॉटचा माल आहे, टेस्टेड,” असं त्याने फोनवर पुन्हा पुन्हा सांगितलं.

पार्सल उघडलं तर सगळे सेल आकाशी रंगाच्या नव्याकोऱ्या स्लीव्हमध्ये, प्रत्येकावर २६०० छापलेलं. मल्टीमीटर लावला, जो तो ३.८ व्होल्टच्या आसपास. धाकटा भाऊ म्हणाला, “बघ, किती सारखे आहेत.” मला नेमकं तेच खटकलं. वेगवेगळ्या लॅपटॉपांतून निघालेले, वेगवेगळ्या वयाचे सेल एकाच व्होल्टेजला कसे? पाठवण्याआधी कोणी तरी सगळे एका रांगेत चार्ज करून घेतले, तरच. व्होल्टेजवरून सेल आत्ता किती भरलाय एवढंच कळतं. त्यात मावतं किती, ते कळत नाही. थकलेला सेलही ४.२ पर्यंत चढतो, फक्त लवकर चढतो आणि लवकर उतरतो.

लॅमिंग्टन रोडवरून आणलेला चार खणांचा टेस्टर माझ्याकडे आहे. सेल पूर्ण भरायचा, रिकामा करायचा, पुन्हा भरायचा, यात अर्धा दिवस सहज जातो. चार-चार करत १४० सेल म्हणजे घर, नोकरी सांभाळून महिन्याचं काम. ते मी नेटाने सुरू केलं. आकडे यायला लागले: ११५०, ९८०, १३२०, ८७०. शिवाय खणात सेल नेहमीपेक्षा घट्ट बसत होते, हे लक्षात येत होतं पण कारण कळत नव्हतं.

एका रात्री जेवणं उरकल्यावर मी त्या ९८० वाल्या सेलची स्लीव्ह ब्लेडने उभी चिरली. आत दुसरी स्लीव्ह होती. मूळची, मळकट, वेगळ्याच कंपनीची, आणि तिच्यावर स्पष्ट अक्षरांत २२००. सेल घट्ट का बसत होता ते तेव्हा कळलं. दुसरा चिरला. याची जुनी स्लीव्ह काढलेली होती, पण वरच्या टोकाची पांढरी कागदी रिंग उचलली तर खाली गंज आणि पांढुरकी पूड. गळलेला सेल. तो तसाच झाकून, नवा रंग चढवून माझ्या घरी पाठवला होता. मी ओट्याशी उभी राहून आणखी चिरत गेले. तीन कंपन्यांचे, तीन क्षमतांचे सेल एकाच आकाशी पोशाखात निघाले. नमुन्याला आलेले सेल वेगळे होते, मुद्दाम निवडलेले. जुना सेल जुना म्हणून विकला तर माझी काहीच तक्रार नव्हती, मी जुनाच मागितला होता. पण गळलेला सेल झाकून विकणं ही निव्वळ फसवणूक नाही. तो माझ्या घरात, माझ्या माणसांच्या शेजारी राहणार होता.

फोटो पाठवले, ते त्याने पाहिले, उत्तर आलं नाही. फोन केला तर आधी म्हणाला, “मॅडम, तुमचा टेस्टर चायनाचा आहे.” त्याच टेस्टरवर त्याचेच नमुन्याचे सेल २१०० भरले होते. मग म्हणाला, “दोन-तीन सायकल द्या, सेल उठतील.” लिथियम सेलची गेलेली क्षमता अशी उठत नसते, आणि हे त्यालाही माहीत होतं. मग ते ‘जेंट्स’वालं वाक्य.

सुट्टीच्या दिवशी पिशवीत टेस्टर आणि सेल घालून मी त्याच्या दुकानात गेले. “यातले कोणतेही चार तुम्ही निवडा, तुमच्या हाताने लावा. संध्याकाळपर्यंत मी इथेच बसते,” म्हटलं. तर म्हणाला, “एवढा वेळ कोणाला असतो, मॅडम? आम्ही टेस्ट करतो म्हणजे व्होल्टेज बघतो.” दुकानात तेव्हा आणखी गिऱ्हाइकं होती, त्यांनीही ऐकलं. पैसे परत मिळाले नाहीत. बदली म्हणून त्याने निम्मे सेल त्याच ढिगातून देऊ केले, ते मी घेतले नाहीत.

त्याच्या बिलावर फक्त ‘इलेक्ट्रॉनिक सामान’ होतं. म्हणून पहिली गोष्ट: बिलावर सेलचा प्रकार, संख्या आणि कबूल केलेली किमान क्षमता लिहून घ्या, ‘नमुन्याप्रमाणे’ हा शब्दही लिहून घ्या. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पण तिथे फोनवरचं ‘टेस्टेड’ सिद्ध करत बसावं लागतं. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार जुन्या बॅटऱ्या दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्याने राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करायची असते. नोंदणीबद्दल जरूर विचारा. मी विचारलं तेव्हा त्याने विषय बदलला.

आता कामाचं. दोन व्होल्टच्या खाली जाऊन पडलेला सेल कितीही स्वस्त मिळाला तरी नको. इतका रिकामा झालेल्या सेलमध्ये आतल्या पातळ पत्र्याचं तांबं विरघळू लागतं, पुन्हा चार्ज केल्यावर ते नको तिथे साचतं आणि सेल आतून शॉर्ट होऊ शकतो. असा सेल टेस्टरवर चांगला आकडाही दाखवेल, म्हणूनच तो जास्त वाईट.

क्षमता मोजून झाली की सेल पूर्ण भरून, तारीख टाकून, महिनाभर बाजूला ठेवा. ही पायरी सगळे गाळतात. ४.१ च्या खाली उतरलेला सेल मी पॅकमध्ये घेत नाही. वीस सेलच्या गटात एक जरी झिरपणारा असला तरी तो बाकीच्या एकोणीसांची वीज पीत राहतो, तो गट मागे पडतो, आणि बीएमएस, म्हणजे पॅकमधल्या सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट, बॅलन्स करणार ते काही दशक मिलिअँपिअरने. ते पुरत नाही. चार्ज होताना हाताला चटका बसेल इतका तापणारा सेलही बाद.

आमच्या वाडीतल्या एकाने तीनच्या सीरिजचा लॅपटॉप सेलचा पॅक थेट बारा व्होल्टच्या इन्व्हर्टरला जोडायचं ठरवलं होतं. त्याला मी जवळजवळ ओरडून थांबवलं. लेड-अॅसिडसाठी बनलेला इन्व्हर्टर १४.४ व्होल्टपर्यंत चार्ज करतो, म्हणजे सेलमागे ४.८ व्होल्ट, आणि सेलची मर्यादा ४.२. बीएमएसने ऐनवेळी दगा दिला तर आगच. बारा व्होल्टच्या इन्व्हर्टरवर लिथियमच हवं असेल तर चारच्या सीरिजचा लिथियम फॉस्फेट पॅक बसतो, त्याची मर्यादा १४.६ आहे. चार्जिंगची सेटिंग तरीही तपासाच.

सेल एकमेकांना जोडायची निकेलची पट्टी म्हणून बाजारात मुलामा दिलेलं लोखंड सर्रास मिळतं. तुकडा खरवडून मिठाच्या पाण्यात ठेवा, एक-दोन दिवसांत गंज आला तर ते लोखंड. प्रत्येक सेलला बारीक फ्यूज वायर द्या, आणि पूर्ण पॅकला मोठा डीसी फ्यूज वेगळा. पॅक जिन्याखाली, झोपायच्या खोलीत किंवा गॅसच्या टाकीजवळ नको. घराबाहेरची, सावलीची, लोखंडी पेटी चांगली. एखादा सेल पेटलाच तर तो थंड होईपर्यंत भरपूर पाणी मारायचं, लांबून, आणि धूर श्वासात घ्यायचा नाही. पावडरच्या अग्निशामकाने ज्वाळा विझते, पण आतली उष्णता तशीच राहते. काम करताना डोळ्यांवर चष्मा, हातात अंगठी-बांगडी नाही, सेल मोकळे एकमेकांवर टाकायचे नाहीत. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी सांगते.

माझ्याकडचे बाद सेल मी टोकांना चिकटपट्टी लावून नोंदणीकृत रिसायकलरकडे दिले. भंगारवाल्याने चांगला भाव सांगितला होता, पण त्याच्याकडून ते पुन्हा कुठल्या रंगाच्या स्लीव्हमध्ये जातील, हे मला ठाऊक होतं. घरासाठी शेवटी पक्क्या बिलाचे नवे फॉस्फेट सेल घेतले. महाग पडले.

तुम्हाला जुनेच सेल घ्यायचे असतील तर जरूर घ्या, फक्त एक करा. पैसे देण्याआधी ढिगातून पाच सेल तुमच्या हाताने उचला आणि दुकानदाराला तुमच्यासमोर स्लीव्ह चिरायला सांगा. तो नाही म्हणाला तर तिथून निघून या.