सायलेन्सर खोलताना आधी डोळे जपा

पावसाळा सरला की गाडीचा आवाज वाढल्याचं जाणवतं. वाकून पाहावं तर सायलेन्सरच्या जोडावर गंजाचे पापुद्रे सुटलेले असतात. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत तर हे ठरलेलंच. मग रविवारी पाना-हातोडी घेऊन अनेकजण स्वतःच गाडीखाली शिरतात. वाचकहो, हे काम करणार असाल तर हातांच्याही आधी डोळे जपा.

गाडीखाली आपण उताणे असतो आणि जाम झालेला नट नेमका तोंडावर असतो. पान्याला झटका दिला की गंजाचा भुगा सरळ डोळ्यात पडतो. साध्या चष्म्याने भागत नाही, कण बाजूने शिरतात. कडा बंद असलेला गॉगल लावा.

कण गेलाच तर डोळा चोळू नका, स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा. तरीही खुपत असेल, पाणी येत असेल, उजेड सहन होत नसेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवा. लोखंडाचा कण बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रुतला की काही तासांतच त्याभोवती गंजाचं तपकिरी कडं धरू लागतं. डॉक्टर डोळा बधिर करून, यंत्राखाली बघत तो कण अलगद काढतात. रुमालाच्या टोकाने घरीच काढायला गेलात तर जखम वाढते, त्यात पू होतो आणि डोळ्यात कायमचं फूल पडू शकतं.

छिन्नी-हातोडी किंवा ग्राइंडर वापरताना उडालेली कपची डोळ्याच्या आत घुसू शकते. अशा वेळी दुखणं थोडंच असतं, दिसतंही ठीक, म्हणून माणूस गाफील राहतो. आत राहिलेलं लोखंड मात्र हळूहळू दृष्टिपटल निकामी करतं. अशी शंका आली तर डोळा दाबू नका, धुऊही नका. वर कागदी कप अलगद ठेवून रुग्णालय गाठा. ‘हातोडी मारताना उडालं’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यावरून एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करायचा का, हे ठरतं. डोळ्यात लोखंड असताना एमआरआय करणं धोक्याचं असतं.

आता गंजक्या पत्र्याने हात कापला की आठवणाऱ्या धनुर्वाताबद्दल. तो गंजामुळे होत नाही. त्याचे जंतू माती, धूळ आणि शेणात असतात आणि खोल, मळक्या जखमेत वाढतात. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. शेवटची लस घेऊन पाच वर्षं उलटली असतील तर डॉक्टरांना विचारून धनुर्वाताचं टीडी इंजेक्शन घ्या.

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कधीही खाली शिरू नका, भक्कम स्टँड लावाच. सायलेन्सर पूर्ण गार होऊ द्या. भाजलंच तर वीस मिनिटं नळाखाली धरा. हळद, टूथपेस्ट, बर्फ काहीही लावू नका.

सायलेन्सर खोललेला असताना बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू करू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं सुरू झालं की लगेच मोकळ्या हवेत या आणि १०८ला फोन करा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका, या विषबाधेतही तो आकडा चांगला दाखवतो.

नट हलतच नसेल तर काम गॅरेजवाल्याकडे सोपवा. आणि डोळा खुपत असेल तर सोमवार उजाडायची वाट पाहू नका.