धोका टळला, तरी इशारा चालूच!

विजेच्या घंटेतील विद्युतचुंबकाचा गाभा मऊ लोखंडाचा का असतो, हे तुम्ही शिकला आहात. प्रवाह खंडित होताच मऊ लोखंडाचे चुंबकत्व जवळजवळ नाहीसे होते आणि टोला मागे येतो. गाभा पोलादाचा असता, तर प्रवाह थांबल्यावरही चुंबकत्व शिल्लक राहून टोला चिकटून बसला असता. तीव्र आघातानंतर मनातील धोक्याची यंत्रणाही कधी कधी अशीच अडकून राहते. या अवस्थेस ‘आघातोत्तर ताणविकार’ म्हणतात.

यंत्रणा कशी चालते?

मेंदूत बदामाच्या आकाराचा ‘अमिग्डाला’ नावाचा भाग असतो. धोका जाणवताच तो इशारा देतो. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन रक्तात मिसळते, छाती धडधडते, स्नायूंना अधिक रक्त मिळते. पळण्यास किंवा लढण्यास शरीर सज्ज होते. ही प्रतिक्रिया प्राणरक्षक आहे. धोका सरल्यावर ती शमली नाही, तर मात्र तिचाच त्रास सुरू होतो.

किल्लारीचे उदाहरण

३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जन आटोपून गावे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्यांवर कोसळल्या आणि सात हजारांहून अधिक माणसे दगावली. पुढे कित्येक दिवस लहान धक्के बसत होते. त्या काळात घराबाहेर झोपणे हा शहाणपणा होता. पण समजा, काही वर्षांनी भक्कम नव्या घरात राहणारा माणूस रस्त्यावरील ट्रकच्या हादऱ्यानेही दचकून बाहेर धावतो. कृती तीच, धोका मात्र उरलेला नाही. हा फरक ध्यानात ठेवा.

चार खुणा

१. पुनरनुभव : नको असताना प्रसंग डोळ्यांपुढे येतो, दुःस्वप्ने पडतात. तसाच आवाज किंवा वास आला, की प्रसंग पुन्हा घडतो आहे असे वाटते. लहान मुले तोच प्रसंग खेळातून वारंवार मांडतात.

२. टाळाटाळ : ती जागा, ती माणसे, तो विषय टाळला जातो.

३. विचार व भावना यांतील बदल : आनंद वाटेनासा होतो, आपली माणसे परकी वाटतात. ‘मी वाचलो, हाच माझा दोष’ असे मनात घर करते.

४. सततची सावधता : झोप लागत नाही, लहानशा आवाजाने दचकायला होते, चटकन राग येतो, अभ्यासात लक्ष लागत नाही.

आघातानंतर काही दिवस अशी लक्षणे दिसणे स्वाभाविक आहे. बहुतेकांची ती हळूहळू ओसरतात. महिना उलटूनही ती टिकली आणि रोजचे व्यवहार बिघडले, तर डॉक्टरांना दाखवावे. काहींच्या बाबतीत ती बऱ्याच महिन्यांनी उफाळतात.

हा भित्रेपणा नव्हे

पहिल्या महायुद्धात अशा सैनिकांच्या अवस्थेस ‘शेल शॉक’ म्हणत. पुष्कळांना भ्याड ठरवले गेले. १९८० मध्ये अमेरिकन मानसरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेत या विकारास स्वतंत्र स्थान दिले. रणगाडा दलाचे केंद्र असलेल्या अहिल्यानगरला सैनिकांची ओळख नव्याने करून द्यायला नको. पण हा विकार केवळ सैनिकांचा नाही. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी, भाऊबीजेच्या दिवशी, येथील जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून ११ रुग्ण दगावले. अशा प्रसंगी अंगावर ओरखडाही न उठलेले नातेवाईक, परिचारिका किंवा मदतीस धावलेले लोक यांनाही हा विकार जडू शकतो.

आपण काय करावे?

‘विसरून जा’ असे म्हणू नये, आणि प्रसंग सांगण्याचा आग्रहही धरू नये. तो सांगेल तेवढे शांतपणे ऐकावे. हुशार विद्यार्थी एखाद्या अपघातानंतर एकाएकी मागे पडला, तर शिक्षकांनी शिक्षेपूर्वी कारण शोधावे. ‘बाहेरची बाधा’ समजून मांत्रिकाकडे नेण्यात वेळ दवडू नये. तज्ज्ञाच्या मदतीने आठवणींना सुरक्षित वातावरणात टप्प्याटप्प्याने सामोरे जाता येते. गरजेनुसार औषधेही देतात. ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

खुणा ओळखणे हे आपले काम, निदान करणे डॉक्टरांचे. पोलादातील शिल्लक चुंबकत्वही योग्य पद्धतीने घालवता येते. मनाचा अडकलेला इशाराही उपचारांनी शांत होऊ शकतो.