समुद्राचे गणित आणि आमची पेरणी

आपल्या परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. माझ्या वडिलांनी तो अजून पाहिलेलाही नाही. पण एका वर्षी मृगाच्या पावसावर टाकलेले बियाणे पुढे पाऊस खंडल्याने करपले, घरावर दुबार पेरणीची वेळ आली. तेव्हा त्या न पाहिलेल्या समुद्राशी आपले नाते काय, हे समजून घ्यावेसे वाटले.

मोसमी वारे समुद्रावरून बाष्प आणतात. म्हणून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, २०१२ साली सुरू झालेल्या मान्सून मिशनपासून, वातावरणासोबत समुद्राचेही गणित संगणकावर मांडले जाते. समुद्रावर चौकटींचे जाळे कल्पून प्रत्येक चौकटीतील प्रवाह, तापमान व क्षारता टप्प्याटप्प्याने काढतात.

अडचण पृष्ठभागाच्या दाबाची आहे. जेथे पातळी उंच तेथे दाब अधिक. हा फरक ४००० मीटर खोल समुद्रात लाटेच्या रूपाने सेकंदाला सुमारे २०० मीटर धावतो. १०० किलोमीटरची चौकट ती ५०० सेकंदांत ओलांडते. साध्या पद्धतीत काळाचा टप्पा याहून बराच मोठा घेतला, तर उत्तरे भरकटतात. लहान घेतला, तर काम संपत नाही.

१९६९ मध्ये कर्क ब्रायन यांनी समुद्रावर काल्पनिक ताठ झाकण ठेवून ही लाटच काढून टाकली. परंतु त्याबरोबर पातळीचे चढउतारही गेले. १९९४ मध्ये ड्युकोविच आणि स्मिथ यांनी झाकण काढले व पुढच्या क्षणाचा दाब अज्ञात धरून सर्व चौकटींची समीकरणे एकत्र सोडवली. त्यामुळे मोठा टप्पा घेता आला.

एवढी समीकरणे सुटतात कशी? एका ओळीत पाच वाफे समजा. टोकांच्या पातळ्या ० आणि १२ ठरलेल्या आहेत. मधल्या तिन्ही प्रथम ० धरू. प्रत्येक मधल्या वाफ्याला दोन्ही शेजाऱ्यांची सरासरी द्या : ०, ०, ६, मग ०, ३, ६, मग १.५, ३, ७.५. असे करत गेल्यास उत्तर ३, ६, ९ वर स्थिरावते. प्रत्यक्षात समीकरणे अधिक गुंतागुंतीची व पद्धती अधिक जलद असतात. पण अंदाज घ्या, चूक मोजा, सुधारा, हे सूत्र तेच.

अर्थात दाब बिनचूक निघाला म्हणून आमच्या शिवारातला पाऊस बिनचूक सांगता येतो, असे नाही. म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नका, असा सल्ला कृषितज्ज्ञ देतात. उत्तर स्थिरावेपर्यंत संगणक थांबतो. आम्हीही ओल खोलवर जाईपर्यंत थांबायला हवे होते.

— बी. ए. द्वितीय वर्ष