नाव आणि नाते

घरात कुत्र्याचे पिल्लू आले, की पहिला प्रश्न उभा राहतो तो त्याच्या नावाचा. काळे असेल तर काळू, अंगावर पट्टे असतील तर वाघ्या, पांढरेशुभ्र असेल तर मोत्या, अशी सुटसुटीत नावे महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. नाव लहान असले, म्हणजे हाक मारणाऱ्याला सोपे जाते आणि पिल्लूही ते लवकर ओळखू लागते. परंतु नाव म्हणजे केवळ हाक नव्हे. ज्या जिवाला नाव दिले, त्याच्याशी नाते जडते. रशियातील काही कुत्र्यांच्या हकिकतीवरून हे चांगले कळून येते.

माणसाला अंतराळात पाठवण्यापूर्वी सोव्हिएत शास्त्रज्ञांनी कुत्र्यांना पाठवून पाहिले. त्यासाठी मॉस्कोच्या रस्त्यांवरील बेवारशी कुत्री निवडण्यात आली; कारण थंडी आणि उपासमार सोसण्याची त्यांना सवय होती. प्रयोगशाळेत आल्यावर त्यांना नावे मिळाली.

त्यांत सुमारे ६ किलो वजनाची एक शांत कुत्री होती. कोणी तिला ‘कुद्र्यावका’ म्हणजे कुरळ्या केसांची म्हणे, तर कोणी ‘लिमोनचिक’ म्हणजे छोटेसे लिंबू म्हणे. अखेर ‘लायका’ हे नाव रूढ झाले. त्याचा अर्थ भुंकणारी. दि. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी स्पुटनिक २ या यानातून लायका पृथ्वीभोवती फिरू लागली. असे यान सुखरूप परत आणण्याची विद्या तेव्हा साध्य झालेली नव्हती. लायका परत येणार नाही, हे तिला निरोप देणाऱ्यांना ठाऊक होते. म्हणूनच उड्डाणापूर्वी व्लादिमीर याझदोव्स्की या शास्त्रज्ञाने तिला आपल्या घरी नेले व मुलांबरोबर खेळू दिले.

अतिउष्णतेमुळे लायका काही तासांतच मरण पावली. हे सत्य जगाला २००२ साली कळले. त्या कार्यातील एक शास्त्रज्ञ ओलेग गाझेंको यांनी उतारवयात खेदाने कबूल केले, की तिच्या मृत्यूचे समर्थन व्हावे इतके ज्ञान त्या प्रयोगातून मिळाले नाही.

पुढे परतीची वाट सापडली. दि. १९ ऑगस्ट १९६० रोजी गेलेल्या बेल्का आणि स्त्रेल्का दुसऱ्या दिवशी सुखरूप परतल्या. १९६१ च्या मार्च महिन्यात आणखी एका कुत्रीची पाळी आली. तिचे नाव ‘उदाचा’ म्हणजे सुदैव असे होते. युरी गागारिन यांनी ते बदलून ‘झ्वेझ्दोच्का’ म्हणजे चांदणी असे ठेवले. २५ मार्च रोजी ही चांदणी पृथ्वीभोवती एक फेरी घालून सुखरूप परतली. त्यानंतर अठराच दिवसांनी, १२ एप्रिल रोजी, तिचे नाव ठेवणारे गागारिन स्वतः अंतराळात गेले. तेथे जाणारे ते पहिले मानव होत.

नाव ठेवणे ही घटकाभराची मौज असते. नाव दिलेल्या जिवाची काळजी वाहणे हे वर्षानुवर्षांचे काम असते. हाक ऐकताच पिल्लू शेपूट हालवीत धावत येते, ते विश्वासाने. त्या विश्वासाला जो जागतो, त्यालाच नाव ठेवण्याचा खरा अधिकार असतो.

स्वाध्याय
१. प्रयोगासाठी रस्त्यावरील कुत्री का निवडली?
२. याझदोव्स्की यांनी लायकाला घरी का नेले असावे?
३. ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांच्या अर्थांतील फरक वाक्यांत उपयोग करून दाखवा.