अंगठ्यापासून अक्षरापर्यंत

डॉ. बाबासाहेबांनी शिक्षणाला आयुष्यभर अग्रस्थान दिले. म्हणून आपल्या घरोघरी मुलांच्या हाती पाटी-पेन्सिल लवकर येते. तीन वर्षांच्या बाळाने ‘अ’ गिरवावा अशी आपली घाई असते. त्यामागची तळमळ खरी आहे. परंतु अक्षर काढणारा हात आधी तयार व्हावा लागतो. रंगकाम आणि ठसेकाम यांतून तो सहज तयार होतो.

भेंडीचा देठाकडचा तुकडा मूल चिमटीत धरते, रंगात बुडवून कागदावर दाबते आणि फूल उमटते. चिमटीची हीच पकड पुढे पेन्सिल धरते. फार दाबले तर रंग पसरतो, हलके दाबले तर ठसा अपुरा राहतो, हे त्याचे त्यालाच कळते. भेंडी, बटाटा, पुन्हा भेंडी, पुन्हा बटाटा अशी ओळ उमटवून ‘आता काय येईल?’ असे विचारले, की गणिताची सुरुवात झाली. पिंपळपानाच्या पाठीला रंग लावून ठसा घेतला, की शिरांची जाळी दिसते. निरीक्षण येथे सुरू होते.

यास फारसा खर्च नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली आणि परिसरातील साध्या वस्तूंची साधने केली.

मोठ्यांनी काही पथ्ये मात्र पाळावीत. मुलाचा हात धरून चित्र काढून घेऊ नये. ‘हे काय काढलेस?’ असे दरडावण्याऐवजी ‘याची गोष्ट सांग बरं’ म्हणावे. त्याने भाषा वाढते. डावखुऱ्या मुलाचा हात बदलू नये. अगदी लहान मुले रंग तोंडात घालतात. त्यांना हळद, बीट, पालक यांचे रंग द्यावेत.

बँकेच्या खिडकीशी आम्ही पाहतो, शाईच्या गादीवर अंगठा टेकताना आपल्या कितीतरी आयाबाया मान खाली घालतात. शाळेचे दारच त्यांना बंद होते. दोष त्यांचा नाही. त्यांचीच नात रंगात अंगठा बुडवून ठसा उमटविते, त्याला कान-शेपूट काढते आणि ‘उंदीर!’ म्हणून हसते. अंगठा तोच, पण येथे तो अक्षराच्या वाटेवरचे पहिले पाऊल ठरतो.

संस्थेच्या सभासदांनी व विद्यार्थ्यांनी रविवारी विहारात एक तास यासाठी द्यावा. जुनी वर्तमानपत्रे आणि चार भेंड्या पुरेत. आणि नातीशेजारी आजीलाही बसवावे.

जयभीम!